काढून टाकायची किती?

कोथरूडच्या त्या दातांच्या क्लिनिकमध्ये माझा नंबर यायला वेळ होता आणि मी भिंतीवरचे हसऱ्या तोंडांचे फोटो बघत बसले होते, ज्यातल्या एकाही माणसाने आयुष्यात चहा प्यायलेला दिसत नाही. तेवढ्यात आतून एक काका बाहेर आले. सिक्युरिटीचा निळा युनिफॉर्म, टोपी काखेत, उजवा गाल असा सुजलेला की डोळा बारीक झालेला. डॉक्टरांनी बघून त्यांना खर्च विचारायला बाहेर पाठवलं होतं. रिसेप्शनवरची मुलगी सवयीने एका दमात बोलली, रूट कॅनलचे साडेसहा हजार, वर कॅप, मेटल-सिरॅमिक घेतली तर पाच हजार, झिरकोनिया घेतली तर बारा. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान हलवली, आणि विचारलं, "आणि काढून टाकायची किती?" ती म्हणाली, आठशे. "मग काढूनच टाका."

मुलगी चांगली होती. ती म्हणाली, काका दाढ वाचण्यासारखी आहे, मॅडमनी लिहिलंय तसं, मेडिक्लेम वगैरे काही आहे का तुमचं? ते म्हणाले, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आहे. मग तिकडे दाखवा ना, स्वस्तात होईल. त्यावर काका नुसते हसले, म्हणजे जेवढं त्या गालाने हसता येईल तेवढं, आणि म्हणाले, "तिकडं जायचं म्हणजे खाडा. आणि एका खेपेत कुठं होतंय?" मग ते माझ्या शेजारी येऊन बसले. जीभ त्या दाढेकडे जात होती बहुतेक, कारण दर थोड्या वेळाने चेहरा आवळायचा.

माझ्या मांडीवर जी फाइल होती त्यात हेच आकडे होते. साडेसहा, पाच, बारा. माझी डावीकडची दाढ, त्यांची उजवीकडची, एवढाच फरक. मी काढून टाकायची किती हे विचारलंच नव्हतं, मला ते सुचलंही नव्हतं. मी विचार करत होते की झिरकोनिया घ्यावी का, आतली दाढ आहे, कोणाला दिसतेय.

तर ते "मग काढूनच टाका" डोक्यातून जाईना. त्यात काकांचं काही चुकलं असं म्हणताच येत नाही. आज दुखतंय, आज खिशात जेवढे आहेत त्यात आज दुखणं थांबवणारा एकच इलाज होता. पुढे शेजारची दाढ त्या मोकळ्या जागेत कलते, वरची खाली उतरायला लागते, एका बाजूने चावून चावून दुसऱ्या बाजूची वाट लागते, हे सगळं खरं आहे पण ते पुढचं आहे. आणि ईएसआयचं म्हणाल तर एकवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या माणसाच्या पगारातून त्याचे पाऊण टक्का दर महिन्याला कापले जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो, म्हणजे हप्ता जातोय, हक्क आहे. फक्त तो हक्क वापरायला ड्यूटी बुडवावी लागते, लाइनीत उभं राहावं लागतं, आणि रूट कॅनल म्हणजे दोन-तीन सिटिंग. एका दिवसाचा पगार गुणिले तीन, हा हिशेब काकांनी डोक्यात केव्हाच करून टाकलेला होता.

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातून एचआरची मेल आलेली, की ग्रुप मेडिक्लेमचं रिन्यूअल आहे, यंदा ओपीडी ॲड-ऑन (म्हणजे ॲडमिट न होता होणाऱ्या खर्चासाठी वेगळा हप्ता भरून घ्यायचं जादा कव्हर) घेता येईल, त्यात 'डेंटल अँड व्हिजन' पण आहे, शुक्रवारपर्यंत फॉर्म भरा. खाली एक हसऱ्या बाईचं चित्र. (परत तेच दात.) आमच्या ग्रुपवर लगेच चर्चा सुरू झाली, घे घे मस्त आहे, दातांचा खर्च फार असतो, वगैरे. मी त्या दिवशी दाढदुखीची गोळी खाऊन बसले होते त्यामुळे माझ्याकडे तो पीडीएफ पूर्ण वाचण्याइतकी चिडचिड होती. एरवी कोण वाचतंय.

आधी आपली नेहमीची पॉलिसी उघडली. आपल्याकडच्या मेडिक्लेममध्ये दातांचं एक ठरलेलं वाक्य असतं, कंपनी कुठलीही असो, थोड्याफार फरकाने तेच. दातांवरचे उपचार कव्हर नाहीत, अपघाताने इजा होऊन हॉस्पिटलमध्ये ॲडमिट व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे स्कूटरवरून पडून जबडा मोडला तर पैसे मिळतील, पण वीस वर्षं साखरेचा चहा पिऊन दाढ पोखरली तर तुमचं तुम्ही बघा. आरोग्य संजीवनी नावाची जी एकसारखी पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना ठेवावी लागली, तिच्यात आजारामुळे किंवा इजेमुळे लागणारे दातांचे उपचारही धरलेत, वाचून मला क्षणभर बरं वाटलं, पण तीसुद्धा मुळात ॲडमिट होणाऱ्यांची पॉलिसी. आणि दातांसाठी ॲडमिट कोण होतं? खुर्चीत बसायचं, आ करायचा, पाऊण तासाने अर्धा ओठ बधिर घेऊन स्वतःच गाडी चालवत घरी यायचं. आपली सगळी आरोग्य विम्याची रचना त्या हॉस्पिटलच्या कॉटवर उभी आहे आणि दात त्या कॉटवर कधी झोपतच नाहीत.

मग ॲड-ऑन. प्रीमियम सात हजार दोनशे, वर अठरा टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी काढला पण ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीवरचा तसाच राहिला, म्हणजे झाले आठ हजार चारशे शहाण्णव. त्यातून मिळणार काय, तर कुटुंबाला मिळून वर्षाला बारा हजारांपर्यंत ओपीडी, त्यात दातांना कमाल पाच हजार. दातांच्या बिलातले वीस टक्के आपण भरायचे. फक्त यादीतल्या क्लिनिकमध्ये. पहिले नव्वद दिवस दातांना काहीच नाही. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, कॅप, ब्रिज, कवळी, इम्प्लांट आणि इतर 'सौंदर्यविषयक' उपचार वगळले आहेत. कॅप सौंदर्यविषयक! रूट कॅनल केलेली दाढ आतून कमकुवत होते, तिच्यावर कॅप नाही घातली तर एक दिवस शेंगदाण्याच्या चिक्कीने ती उभी चिरते आणि मग साडेसहा हजारही पाण्यात. हे मला आमच्या डॉक्टर मॅडमनी स्क्रीनवरच्या एक्स-रेवर पेनाचं टोपण टेकवून दाखवलेलं. पण पॉलिसी लिहिणाऱ्याच्या लेखी ते नटणं.

मी कागदावर हिशेब मांडला. माझ्या साडेसहा हजारांचे ऐंशी टक्के म्हणजे पाच हजार दोनशे, पण कमाल पाच. कॅपचे शून्य. म्हणजे साडेअकरा हजारांच्या कामाला, साडेआठ हजार भरून, पाच हजार. उरलेले सात हजार वसूल करायचे तर वर्षभर घरातल्या सगळ्यांनी सर्दीखोकल्याला नेमाने डॉक्टरकडे जायला हवं आणि प्रत्येक वेळी बिल, प्रिस्क्रिप्शन, स्टँप, फोटो, अपलोड. ग्रुपवर मी हे टाकलं तर एक जण म्हणाला, अगं पण मनाला शांती असते ना. असेल बाबा.

खरं तर विमा म्हणजे काय, हजार जणांनी थोडे थोडे टाकायचे आणि त्यातल्या ज्या दोघा-तिघांवर आभाळ कोसळेल त्यांना उचलायचं. ते हार्ट ॲटॅकला जमतं, अपघाताला जमतं. दातांचं तसं नाहीये, दात सगळ्यांचेच किडतात, थोडे लवकर थोडे उशिरा. शिवाय आपल्याला आधीपासून माहीत असतं की कुठली दाढ गार पाण्याने ठणकतेय, आणि नेमका तोच माणूस ॲड-ऑन घ्यायला धावतो. कंपनीलाही हे माहीत आहे, म्हणून ते नव्वद दिवस, म्हणून ती पाच हजारांची मर्यादा. दोघंही एकमेकांना ओळखून आहेत. विमा म्हणून जे विकलं जातं ते बघायला गेलं तर वर्षाच्या सुरुवातीला भरलेली भिशी आहे, फक्त भिशीत निदान आपला नंबर लागतो.

माझी मावसबहीण अनघाताई न्यू जर्सीत एडिसनला राहते, तिला फोनवर हे सांगितलं तर ती खो खो हसत सुटली. तिला वाटलं होतं हे दुखणं फक्त अमेरिकेतच आहे. त्यांच्याकडे डेंटल इन्शुरन्स ही मेडिकलपेक्षा वेगळीच वस्तू, वेगळं कार्ड, वेगळा हप्ता, वेगळी डॉक्टरांची यादी. क्लीनिंग आणि चेकअपचे शंभर टक्के, सिमेंट भरायचं तर ऐंशी, कॅपला पन्नास, आणि हे सगळं मिळून वर्षाला दीड हजार डॉलर, की संपलं. मेडिकलच्या पॉलिसीत उलट असतं म्हणे, एका आकड्यापर्यंत तुम्ही भरता आणि त्याच्या वरचं कंपनी. दातांत एका आकड्यापर्यंत कंपनी आणि वरचं सगळं तुम्ही. आणि पॉलिसी घ्यायच्या आधीच पडलेला दात असेल तर त्या जागेचे पैसे बऱ्याच प्लॅनमध्ये मिळतच नाहीत, त्याचं वेगळं कलम आहे, म्हणजे त्या फटीचा इतिहास विचारतात.

तर ताईने काय केलं, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रूट कॅनल करून घेतलं, चौदाशे डॉलर, त्यातले ऐंशी टक्के कंपनीने दिले. कॅपचे दीड हजार, त्यातले अर्धे मिळणार, पण दोन्ही एकाच वर्षात घेतलं तर दीड हजारांची वेस ओलांडते. म्हणून ख्रिसमस आणि न्यू इयर तात्पुरत्या कॅपवर काढलं, डाव्या बाजूने जेवली, आणि जानेवारीत पक्की कॅप बसवली. वाचले किती तर तीनशे सत्तर डॉलर. हे ती विजयाने सांगत होती आणि मला कौतुकही वाटत होतं आणि कसंतरीही, की एवढी कॉम्प्युटरमधली हुशार बाई, पगार चांगला, आणि दाढेचं दुखणं कॅलेंडर बघून दोन वर्षांत वाटून घेतेय. तिथं असं सगळेच करतात, तिच्या डेंटिस्टच्या रिसेप्शनिस्टनेच तिला सुचवलं.

हे दात आणि बाकी शरीर वेगळं कुणी केलं म्हणून मी रात्री वाचत बसले, झोप नाहीतरी येत नव्हती. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालं, होरेस हेडन आणि चेपिन हॅरिस या दोघांनी काढलं. गोष्ट अशी सांगतात की ते आधी तिथल्या मेडिकल कॉलेजकडे गेलेले, की दातांचा विषय तुमच्यात शिकवा, आणि मेडिकलवाल्यांनी नाक मुरडलं. तेव्हा दात उपटणं म्हणजे न्हाव्याचं नाहीतर लोहाराचं काम. मग यांनी वेगळी चूल मांडली. ती वेगळी झाली ती वेगळीच राहिली, वेगळी डिग्री, वेगळं कौन्सिल, आणि पुढे पैसे देणाऱ्यांनीही तीच भिंत धरली. १९६५ मध्ये अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांसाठी मेडिकेअर आलं तेव्हा दातांचे नेहमीचे उपचार कायद्यातच बाहेर ठेवले. म्हणजे ज्या वयात दात पडतात नेमक्या त्याच वयाच्या योजनेत दात नाहीत. आणि दातांचा संघटित विमा तिथं सुरू कुणामुळे झाला, तर १९५४ मध्ये वेस्ट कोस्टच्या बंदरांवरच्या गोदी कामगारांच्या युनियनमुळे. त्यांनी स्वतःसाठी नव्हतं मागितलं, पोरांच्या दातांसाठी मागितलं होतं. हे वाचून मला फार बरं वाटलं, का ते नीट सांगता येत नाही. दिवसभर गोणी उचलणारे लोक, स्वतःचे दात कसे असतील कोण जाणे, आणि वाटाघाटीला बसून म्हणतायत की मुलांचे दात बघा.

माझ्या आईनेही तेच केलं, फक्त युनियन नव्हती.

आम्ही साताऱ्याचे. वडील एसटीत. आम्हा दोघींच्या, म्हणजे माझ्या आणि धाकटीच्या, दातांना तारा लावायचं ठरलं तेव्हा मी आठवीत होते, माझे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आणि शाळेत मला त्यावरून चिडवायचे. तारा म्हणजे तेव्हा केवढा खर्च. डॉक्टर ओळखीचे, त्यांनी दर महिन्याला तार आवळायला यायचं तेव्हा थोडे थोडे द्या म्हटलं आणि तसे ते फिटले. त्याच काळात आईच्या दाढा एकेक करून गेल्या. ती कधीच रूट कॅनलला बसली नाही. दुखायला लागलं की आधी लवंग, मग लवंगेचं तेल लावलेला कापसाचा बोळा, मग मिठाच्या गुळण्या, मग आजीचा सल्ला म्हणून चिमूटभर मशेरी, तिच्या तोंडाला त्या मशेरीचा करपट वास यायचा आणि मला तो आवडायचा नाही म्हणून ती माझ्याशी बोलताना पदर तोंडाला लावायची. आणि मग एका दुपारी ती कुणाला न सांगता जाऊन दाढ काढून यायची. संध्याकाळी स्वयंपाक नेहमीसारखा. आम्ही जेवायला बसलो की ती म्हणायची, मला नको, मी नंतर दूधभात खाईन. आम्हाला कळायचं तेव्हा एवढंच, की आज आई दूधभात खाणार म्हणजे दाढ गेली.

आता तिला खालची वरची दोन्ही कवळी आहे. खालची बसत नाही नीट, सगळ्यांचीच खालची त्रास देते म्हणतात, हाड झिजत जातं आणि धरायला काही उरत नाही. कवळी साधी वस्तू वाटते ना? इंग्लंडात १९४८ ला सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कवळ्या फुकट होत्या आणि लोकांची अशी झुंबड उडाली की तीन वर्षांत सरकारने कवळी आणि चष्म्यांवर पैसे लावायचं ठरवलं, आणि ती सेवा ज्यांनी उभी केली त्या ॲन्युरिन बेव्हननी त्यावरून मंत्रिपद सोडलं. आईला हे सांगितलं तर तिला पटेना. "कवळीवरनं राजीनामा?" म्हणाली, आणि मग बराच वेळ गप्प बसून, "फुकट देत होते होय."

तारांचा विषय निघाला की मला कसंनुसं होतं. माझे दात सरळ आहेत. फोटोत छान येतात. त्या सरळ दातांचे पैसे कुठून आले हे मी कधी विचारलं नाही आणि आता विचारलं तर ती म्हणेल, काहीही काय, माझे दात तसेही किडकेच होते. खरंही असेल. पण घरात दातांच्या खर्चाची एक रांग असते, आधी पोरं, मग कमावता माणूस, मग बाई, आणि म्हातारी माणसं तर रांगेत उभीच राहत नाहीत. आता काय करायचंय म्हणतात. ही रांग एकाही पीडीएफमध्ये सापडणार नाही.

पुण्यात येण्याआधी मी मुंबईत शिकायला होते तेव्हा माझी एक अक्कलदाढ आडवी आली होती. होस्टेलवर पैसे कुठून असणार, एका सीनियरने सांगितलं, सीएसएमटीला उतर, सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी डेंटल कॉलेज आहे, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढ. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर डेंटल पण आहे, पण मला सीएसएमटी सोपं. ते दृश्य अजून डोळ्यांपुढे आहे. लांबच लांब हॉल, ओळीने खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत आ केलेला एक माणूस आणि त्याच्यावर वाकलेला एक पांढरा कोट, आणि सगळीकडे तो लवंगेच्या तेलाचा वास, जो मला आईचा वास वाटत होता त्यामुळे मी घाबरायच्या ऐवजी उगीच शांत झाले. माझ्या वाट्याला आलेली मुलगी माझ्याच वयाची. तिचे हात थंडगार आणि ती माझ्यापेक्षा घाबरलेली. इंजेक्शन देताना तिने हळूच विचारलं, "दुखलं तर हात वर कराल ना?" प्रत्येक पायरीला ती थांबायची आणि वळून बघायची, मॅम चेक करतील. मॅम यायच्या, टॉर्च टाकायच्या, हं म्हणायच्या, जायच्या. सगळं संपायला दुपार झाली. बाहेर जे काम अर्ध्या तासात होतं त्याला तिथं अर्धा दिवस, पण जे झालं ते इतकं निगुतीने झालं, कारण त्या मुलीला त्याचे मार्क होते. जाताना ती म्हणाली, थँक यू, माझी एक केस पूर्ण झाली. मी तिला थँक यू म्हणायच्या आत.

तर हा एक मार्ग आहे आणि तो खरोखर चांगला आहे, नागपूरला, संभाजीनगरलाही सरकारी कॉलेजं आहेत, पुण्यात खासगी आहेत तिथंही बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी घेतात. मी लोकांना सांगत असते. फक्त तिथं पैशांच्या ऐवजी वेळ भरावा लागतो, आणि वेळ विद्यार्थ्यांकडे असतो, रिटायर माणसांकडे असतो. ज्याचा खाडा पडतो त्याच्याकडे नसतो. म्हणजे फिरून गाडी तिथंच.

आणि तो ईएमआयवाला. हल्ली प्रत्येक बऱ्या क्लिनिकच्या काउंटरवर एक स्टँडी असते, 'नो-कॉस्ट ईएमआयवर हसा'. मला त्यांचा राग येत नाही, आईच्या वेळी असतं तर तिने कदाचित दोन दाढा वाचवल्या असत्या. पण नो-कॉस्ट काही नसतं. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, ते व्याज कुठेतरी लपवलेलं असतं. माझ्या क्लिनिकमध्ये ते कुठं होतं तेही मला कळलं. मी सहज विचारलं, रोख दिले तर? तर ती मुलगी म्हणाली, रोख किंवा यूपीआय केलं तर पाच टक्के कमी होतील मॅम. झालं, सापडलं. वर प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी वेगळा. तरीपण, इम्प्लांटसारखं चाळीस हजारांचं काम असेल आणि पैसे हातात नसतील तर सहा हप्त्यांत द्यायला मी कुणाला नाही म्हणणार नाही. फक्त एक बघावं, की हप्ते सुरू झाल्यावर डॉक्टर आवडला नाही किंवा काम अर्धवट राहिलं तरी फायनान्सवाल्यांचे पैसे कापले जातच राहतात. क्लिनिकला त्यांचे पैसे आधीच पोचलेले असतात.

त्यापेक्षा आपल्याकडची जुनी पद्धत बरी वाटते मला, सिटिंगप्रमाणे द्यायचे. आज दीड हजार द्या, पुढच्या वेळी दोन. त्यात डॉक्टरही पेशंटला धरून राहतो आणि पेशंटही डॉक्टरला. ती कुठल्या बोर्डावर लिहिलेली नसते, विचारावी लागते, आणि इथंच माझ्यासारख्यांची अडचण होते, आम्हाला विचारायची लाज वाटते. त्या सिक्युरिटीच्या काकांना कुणी ही सिटिंगची गोष्ट सांगितली की नाही मला माहीत नाही. मला आत बोलावलं आणि मी गेले. बाहेर आले तेव्हा ते गेलेले होते.

शुक्रवारी मी ॲड-ऑनच्या फॉर्मवर 'नको' केलं. त्याऐवजी बँकेत महिना सातशेची आरडी उघडली, वर्षाला आठ हजार चारशे होतात, जवळपास तेवढेच जेवढे प्रीमियमला गेले असते. वर्षभर कुणाची दाढ नाही दुखली तर माझे मलाच परत. हा काही फार मोठा शोध नाही आणि इम्प्लांट बसवायची वेळ आली तर ही आरडी त्याला पुरणार नाही हेही उघड आहे. ज्यांच्या घरी चार माणसं आहेत, कुणाला डायबेटिस आहे, नेहमी डॉक्टरकडे जाणं होतं, त्यांना तो ॲड-ऑन फायद्याचा पडेलही. आमच्या टीममधल्या एकीने घेतला, तिची दोन्ही पोरं सारखी आजारी असतात, तिचा हिशेब बरोबर बसतो. पण दातांसाठी म्हणून घेऊ नका एवढं मी ग्रुपवर लिहिलं, त्यावर कुणीतरी अंगठा टाकला आणि विषय संपला.

आता चाललंय ते आईचं. तिच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट घालून त्यावर कवळी अडकवता येते, बटणासारखी, मग ती हलत नाही. पुण्यातला आकडा ऐकून तिने फोनच ठेवला. म्हणाली मला साताऱ्याच्या आपल्या डॉक्टरांकडे ने, म्हणजे त्याच तारावाल्या डॉक्टरांच्या मुलीकडे, ती आता बसते तिथं. गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, शुगर बघायला सांगितली, हाड किती आहे त्याचं स्कॅन सांगितलं, मग इम्प्लांट घातल्यावर ती हाडात बसायला तीन-चार महिने जातील वगैरे नीट समजावलं आणि शेवटी वहीच्या कागदावर आकडा लिहून पुढे सरकवला. मी कार्ड काढायच्या तयारीत. आईने कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला, खाली ठेवला, आणि कवळी जागेवर दाबून म्हणाली, "दोन एकदम घेतोय आपण. आणि तुझ्या बाबांकडे या दोघींच्या तारा केल्यात, दर महिन्याला न चुकता पैसे दिलेत. नीट सांग."

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी खिडकीकडे. पाच हजार कमी झाले, आणि राहिलेले चार सिटिंगमध्ये द्यायचे ठरले.